बेंबी आधी, रंग नंतर

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत पत्र्याच्या डब्यात चाळीसेक काचेच्या गोट्या सापडल्या. एकीच्या पोटात पांढऱ्या धाग्यांची जाळी आहे आणि दोन टोकांना खरखरीत डाग. एकीवर लाल-पांढरा पट्टा वळत गेलाय. काहींत मांजराच्या डोळ्यासारखी रंगीत पाती आहे. आणि एकीत चक्क चंदेरी मेंढी! एक गृहस्थ म्हणाले, सगळ्या शंभर वर्षांच्या. खरं का? डाग पॉलिश करून घालवावेत का?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं. नका घालवू. मी ही चूक केली आहे. छंद नवा होता, जाळीच्या गोटीवरचे डाग मला कारागिराची हयगय वाटले. पॉलिश पेपर घेऊन दोन संध्याकाळी घासत बसलो. गोटी छान गुळगुळीत झाली, आणि तिचा जन्मदाखला मी स्वतःच्या हाताने पुसला.

त्या डागाला मी गोटीची बेंबी म्हणतो. जर्मनीत थुरिंगियातल्या लाउशा गावात १९व्या शतकाच्या मध्यापासून या गोट्या हाताने होत. रंगीत कांड्या काचेत गुंडाळून जाड दांडी करायची, तापवून ओढत पिळायची, मग टोकाला वाटी असलेल्या खास कात्रीने एकेक गोटी गोल करून कापून घ्यायची. जिथे कापली तिथे व्रण, म्हणून सहसा दोन्ही टोकांना. काही बेंब्या घासून सपाट केलेल्या असतात. तिथे पैलू दिसला म्हणून गोटीवर संशय घेऊ नका. १९१४ला युद्ध पेटलं आणि ही निर्यात थांबली, त्यामुळे असा बहुतेक माल त्याआधीचा. तुमची जाळीवाली याच घराण्यातली दिसते. पांढरी जाळी सर्वांत जास्त सापडते, पिवळी त्याखालोखाल. लाल किंवा निळी दिसली तर खुर्चीवर नीट बसून घ्या.

लाल-पांढरीला बेंबी नसणार, बघा. अमेरिकेत ओहायोतल्या अक्रनच्या मार्टिन ख्रिस्टेन्सनला गोट्या वळणाऱ्या यंत्राचं पेटंट १९०५ मध्ये मिळालं. वितळलेल्या काचेचा गोळा खाचा असलेल्या फिरत्या रुळांवर गरगरत गोल होतो, मग व्रण कुठून राहणार? पट्टा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत स्क्रूच्या आट्यासारखा जात असेल आणि स्वतःला कुठेच ओलांडत नसेल, तर ती बहुधा ‘अक्रो अ‍ॅगेट’ कंपनीची. ही कंपनी १९५१ मध्ये बंद पडली. मात्र सुरुवातीच्या यंत्रांना काच हाताने भरवत; त्या गोट्यांवर एका टोकाला इंग्रजी ९ सारखं वळण आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची घडी असते. नवखे लोक तिलाच बेंबी समजतात.

मांजरडोळ्यांचा निकाल एका वाक्यात : त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, आधी जपानहून आलेल्या. तेव्हा त्या गृहस्थांचे ‘सगळ्या शंभर वर्षांच्या’ इथेच बारगळले.

राहिली मेंढी. मातीची छोटी मूर्ती स्वच्छ काचेत पुरलेली असते. चंदेरी झाक रंगाची नव्हे, मूर्तीभोवती अडकलेल्या हवेच्या पातळ थराची आहे. अशी गोटी एकेक करून घडवत, म्हणून बेंबी बहुधा एकच, मूर्तीच्या पायांखाली. नकला पुष्कळ होतात, म्हणून दहापट भिंगाखाली पृष्ठभाग पाहा. खेळलेल्या गोटीवर आदळल्याच्या बारीक चंद्रकोरी वेगवेगळ्या खोलीच्या, वेगवेगळ्या दिशांच्या असतात. सगळीकडे एकसारखा धुरकटपणा असेल तर तो मुद्दाम आणलेला असू शकतो. अतिनील दिव्याखाली हिरवी चमकली म्हणून हुरळू नका. युरेनियम घातलेली काच जुनीही असते आणि नवीही.

धुवायच्या असतील तर कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. कढत पाण्यात टाकू नका, जुनी काच तडकते. आणि एकेक वेगळ्या कापडात गुंडाळा; डब्यात एकमेकींवर आपटून मेंढीच्या गोटीचा टवका उडाला तर मी काही करू शकणार नाही.