तंबूचं ठिगळ आणि फ्रीजरमधली ट्यूब

प्रश्न : काकू, दिवाळीनंतर पानशेतच्या काठावर तंबू लावला होता. वरचं कापड करवंदीच्या जाळीत अडकून वीतभर फाटलं. रात्री चंदेरी डक्ट टेप लावली, सकाळी ती दवात गळून पडली होती. घरी आल्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब टाकले, तर तिथे कडक पापुद्रा आला आणि घडी घालताना तडकला. ऑनलाइन मागवलेलं ठिगळही दोन दिवसांत सुटलं. तंबू महागाचा आहे, जेमतेम दीड किलो भरतो. टाकवत नाही. (एक वाचक, वारजे)

उत्तर : टाकू नका. दीड किलो हा आकडा वाचला तिथेच मला अंदाज आला. तुमचं कापड बहुधा सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन असणार. ट्रेकर मंडळी त्याला सिलनायलॉन म्हणतात. अंगावर साबण राहून गेल्यावर हात कसा सुळकन घसरतो, तसं ते लागतं. घरात केकचे सिलिकॉनचे साचे असतील तर आठवा. काही चिकटू नये म्हणूनच ते घेतो ना आपण? आणि तंबूच्या बाबतीत मात्र त्याच पदार्थावर पट्टी बसत नाही म्हणून पट्टीला बोल लावतो. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं.

पण आधी खात्री करून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारच्या तंबूंना पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि त्यांचा गोंद अगदी वेगळा. एका कोपऱ्यात सेलोटेपचा तुकडा दाबून लावा आणि ओढा. पॉलियुरेथेनवर तो धरतो. सिलिकॉनवरून असा निघतो जणू लावलाच नव्हता. ही परीक्षा कापडाच्या दोन्ही बाजूंनी करा. काही कापडांना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन असतं, मग आतल्या बाजूने काम सोपं होतं. शिवणींवर आतून कारखान्यातच लावलेली पारदर्शक पट्टी दिसली, तर ती बाजू पॉलियुरेथेनची समजा.

सिलिकॉनच निघालं तर बोहरी आळीत जाऊन काचा आणि बेसिन बसवताना लावतात ते पारदर्शक सिलिकॉन सीलंट आणा. लहान ट्यूब पुरते. सीलंट दाबून काढायच्या बंदुकीत घालायची मोठी नळी घेतलीत तर उरलेली तशीच वाळून जाईल. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं असेल तर दोऱ्या ओवायच्या पितळी डोळ्यांपासून आणि चेनच्या धावकापासून लांब ठेवा. त्यातलं आम्ल धातू खातं. ठिगळासाठी त्याच जातीचं कापड हवं. तंबूसोबत आलेल्या पिशवीच्या तोंडाशी बहुतेक वेळा दोनतीन बोटं जास्तीचं कापड दुमडलेलं असतं, तिथून काढता येतं.

जेवणाच्या टेबलावर बटर पेपर पसरा. फाटलेल्या कडा न ताणता एकमेकींना भिडवा आणि बाजूंनी वजनं ठेवून जागच्या जागी धरून ठेवा. ठिगळ फाटीच्या चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर तरी मोठं हवं, आणि त्याचे कोपरे गोल कापा. चौकोनी ठिगळ कोपऱ्यातूनच सुटायला लागतं. आमच्या आईला हे गोधडी शिवताना ठाऊक होतं. दोन्ही कापडं स्पिरिटने पुसून वाळू द्या. मग जुन्या एटीएम कार्डाने सीलंटचा अगदी पातळ थर द्या. जाड दिला की जास्त पक्कं होतं हा गैरसमज आहे, नुसतं ओघळतं. ठिगळ मधून बाहेर दाबत बसवा, वर पुन्हा बटर पेपर, त्यावर पाटा. चोवीस तास हात लावू नका. पाटा नसेल तर जाड शब्दकोश चालेल, पण त्याच्या पुठ्ठ्याला सिलिकॉन लागलं तर मला कळवू नका.

तंबू पॉलियुरेथेनवाला निघाला, तर युरेथेनचा गोंद घ्या. सीम ग्रिप हे त्यातलं ट्रेकर लोकांच्या ओळखीचं नाव. वर सांगितली तीच कृती. हा गोंद हवेतली वाफ शोषून पक्का होतो, म्हणून पुण्याच्या जुलैत तो एप्रिलपेक्षा लवकर धरतो. पावसाळ्यात खूश होणारी माझ्या घरातली ही एकच वस्तू.

झटपट गोंदाचं एक सांगून ठेवते. तो कडक होतो, आणि तंबूचं कापड दिवसभर वाऱ्यावर हलत असतं, म्हणून तडकतोच. शिवाय तो सुती कापडावर सांडला तर भराभर तापतो. कॉलेजच्या रसायनशाळेत तीस वर्षं काढूनही मी एकदा सुती फडक्याने ओघळ पुसायला गेले. फडकं धुरावलं आणि बोटाला फोड आला.

प्रश्न : चार वर्षं माळ्यावर खोक्यात जपून ठेवलेले ट्रेकचे बूट घालून रात्री कात्रज ते सिंहगड गेलो. तिसऱ्या टेकडीवर एक सोल सुटला, पाचवीवर दुसरा. नाडीने बांधून कसाबसा पोहोचलो. कोणता गोंद वापरू? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : आधी मला सांगा, जिथून सोल सुटला तिथे भुगा पडला का? वरचा भाग आणि खालचं रबर यांच्यामधला मऊ थर नखाने दाबून बघा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुटत असेल तर गोंदाचा विचार सोडून द्या. तो थर पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो आणि हवेतलं पाणी त्याला आतून हळूहळू तोडतं. न वापरता जपून ठेवले म्हणून वाचले असं होत नाही. दमट हवेत बंद खोक्यात तर अवस्था वाईटच होते. भुग्याला भुगा चिकटवून काय होणार? वरचा भाग धड असेल तर नवा सोल बसवून देणारा कारागीर शोधा.

थर घट्ट असून नुसता जोड सुटला असेल, तर मात्र बूट वाचतील. चप्पलवाले ज्याला सोल्यूशन म्हणतात ते सिंथेटिक रबरचं चिकटद्रव्य घ्या. जुना गोंद पूर्ण खरवडा, पॉलिशपेपरने दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करा, दोन्हीकडे पातळ हात द्या आणि थांबा. लोक इथेच घाई करतात. दहापंधरा मिनिटांनी बोट लावलं तर चिकट वाटावं पण बोटाला काही येऊ नये, तेव्हाच जोडा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. हा गोंद जोर लावण्यावर धरतो, नुसतं वजन ठेवून बसू नका, हातोडीने ठोका. ऐन पावसात हे काम उघड्या गॅलरीत करू नका, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि जोड कच्चा राहतो. खोली कोरडी हवी, खिडकी उघडी आणि गॅस बंद. मी स्वतः हे सगळं करून शेवटी कोपऱ्यावरच्या काकांकडून कडेने शिलाई मारूनच घेते.

प्रश्न : सॅकमध्ये नेमकी कोणती टेप ठेवावी? (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : कापडी डक्ट टेप. अख्खं रीळ नको, पाण्याच्या बाटलीवर मीटरभर गुंडाळून ठेव. घेताना कडेला धागे दिसतात का आणि हाताने सरळ फाटते का ते बघ. नुसतं चंदेरी प्लॅस्टिक असेल तर परत ठेव. 1943 मध्ये अमेरिकेत व्हेस्टा स्टाउट नावाच्या बाई दारूगोळ्याच्या कारखान्यात होत्या. खोक्यांवरची कागदी पट्टी लढाईच्या गडबडीत धड निघत नाही म्हणून त्यांनी थेट रूझवेल्टना पत्र लिहिलं, कापडी पट्टी लावा म्हणून. त्यांची दोन मुलं नौदलात होती. आपली टेप तिथून आली.

पण ती घरी पोहोचेपर्यंतच. उन्हात राहिली की तिचा गोंद पाघळतो आणि मागे जो चिकटा उरतो, त्यावर पुढे खरं ठिगळ बसत नाही. आल्याबरोबर काढ, चिकटा निलगिरीच्या तेलाने निघतो, आणि मग ते तेलही स्पिरिटने पूस.

प्रश्न : क्लाइंबिंग हार्नेसचा पायाचा पट्टा थोडा विरला आहे. युरेथेन गोंद आणि वरून शिलाई चालेल का? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर : नाही. कड्यावर तुमचा जीव त्याच पट्ट्यांवर लटकत असतो. त्याचे कात्रीने तुकडे करा, म्हणजे कचऱ्यातून उचलून दुसरं कोणी घालणार नाही.

प्रश्न : युरेथेन गोंदाची ट्यूब एकदा उघडली की महिन्यात दगड होते. उपाय? (वरच्याच विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न)

उत्तर : वाफेवर पक्का होणारा गोंद तो, वाफेपासून लांब ठेव. हवा दाबून काढ, टोपण घट्ट लाव, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव. वापरण्याआधी पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर गार ट्यूबवर पाणी सुटेल. पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिही. आमच्याकडे पाहुण्यांनी ती केकवरच्या आयसिंगची ट्यूब समजून टोपण उघडलं होतं.