स्पेसफ्लाइट सिम्युलेटरमधली मोहीम इतरांना कशी सांगावी? नुसते स्क्रीनशॉट पाठवून कुणालाच काही वाटत नाही.

तुम्ही लिहिलंय की कर्बल स्पेस प्रोग्रॅम या खेळात पहिल्यांदाच मुनवर, म्हणजे तिथल्या चंद्रावर, उतरलात, मित्रांच्या ग्रुपवर चाळीस स्क्रीनशॉट टाकले आणि दोन अंगठ्यांपलीकडे काही आलं नाही. आधी मनापासून अभिनंदन. मुनवर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग नाही. सगळा वेग इंजिनानेच मारावा लागतो. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा हाताला घाम फुटलेला असतो. पण ज्याने हे केलेलं नाही त्याला तुमच्या फोटोत करडी जमीन आणि चार पायांचं यान एवढंच दिसतं. घाम दिसत नाही.

मीही सुरुवातीला असेच फोटो पाठवायचो. कर्बिनच्या, म्हणजे खेळातल्या पृथ्वीच्या, कडेवरचा सूर्योदय, मुनच्या विवरात पडलेली यानाची लांब सावली. लोक ‘छान’ म्हणायचे आणि विषय संपायचा. मग एकदा मुनवरून परत येताना इंधन संपलं.

टाकी शून्य. नकाशा उघडला तर कक्षेचं सगळ्यात खालचं टोक, म्हणजे पेरिॲप्सिस, ७८ किलोमीटरवर. कर्बिनचं वातावरण ७० किलोमीटरला संपतं. म्हणजे हवेचा ब्रेक लागायला हवा होता, तिथून यान आठ किलोमीटर वरून निघून जाणार आणि पुन्हा मुनच्या कक्षेइतकं उंच, सुमारे ११,४०० किलोमीटरवर जाणार. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. आत खेळातली अंतराळवीर व्हॅलेंटिना एकटी.

यान एकदा जवळून गेलं, मी काही करू शकलो नाही. वरच्या टोकाला पोहोचल्यावर यानाचं नाक प्रवासाच्या दिशेला धरलं आणि व्हॅलेंटिनाला बाहेर काढलं. ती नाकासमोर गेली, पॅराशूटच्या टोपीवर हेल्मेट टेकवलं आणि जेटपॅकने यानाला उलट्या दिशेने ढकलायला लागली. हेल्मेट बरोबर मधोमध टेकलं नाही की कॅप्सूल गिरकी घेते. गिरकी घेतली की आत यायचं, यान सरळ करायचं, पुन्हा बाहेर. मी खेळत होतो त्या आवृत्तीत आत गेलं की जेटपॅकची टाकी परत भरायची, म्हणून हे शक्य झालं. ढकलण्याच्या पहिल्या फेरीनंतर नकाशात खालच्या टोकाचा आकडा दिसला ७१. दुसऱ्या फेरीनंतर ६०. चौथ्यानंतर ३४. पुढच्या वेळी खाली आल्यावर हवेने यान धरलं, पॅराशूट उघडलं आणि व्हॅलेंटिना समुद्रात उतरली.

या वेळी ग्रुपवर मी एकच फोटो टाकला. अंधारातला, जरा धूसर, हेल्मेट टेकवून ढकलणारी व्हॅलेंटिना. खाली दोन ओळी: ‘हवा ७० किलोमीटरला संपते. आम्ही ७८ वरून चाललोय आणि इंधन संपलंय.’ पाच मिनिटांत विचारणा सुरू झाली. ‘मग?’ ‘परत आली का?’ आणि आठवीतल्या भाच्याने विचारलं, “मामा, वर जाऊनच का ढकललं? खाली जवळ आलेलं तेव्हा का नाही?”

मला आजवर मिळालेली ही सगळ्यात चांगली प्रतिक्रिया आहे. त्याला उत्तर द्यायला मी कागद घेऊन बसलो. वरच्या टोकाला यानाचा वेग सेकंदाला जेमतेम १७७ मीटर होता. तिथे साडेपाच मीटर कमी केले की खालचं टोक ७८ वरून ३४ वर येतं. तोच धक्का खाली, सेकंदाला ३.१ किलोमीटर वेगाने जाताना दिला असता, तर खालचं टोक ७८ वरच राहिलं असतं आणि वरचं टोक सुमारे ७४० किलोमीटर खाली आलं असतं. कक्षेच्या एका टोकाला दिलेला धक्का समोरच्या टोकाला लागतो. मंगळयानाने नोव्हेंबर २०१३ मध्ये हेच केलं होतं: पृथ्वीजवळ आलं की इंजिन पेटवायचं आणि दूरचं टोक लांब न्यायचं. हे भाच्याला एका फोटोमुळे समजलं, याचा मला फार आनंद आहे.

मंगळयानाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, कारण मोहीम कशी सांगावी हे मी तिथूनच शिकलो. ११ नोव्हेंबर २०१३ च्या प्रज्वलनात वेग सेकंदाला १३० मीटरने वाढायला हवा होता, प्रत्यक्षात ३५ च मीटर मिळाले. एका झडपेची मुख्य आणि राखीव अशा दोन्ही कॉइल एकत्र चालवून बघताना इंजिनाकडे जाणारा इंधनाचा प्रवाह थांबला होता. इस्रोने ठरवलेला आकडा आणि मिळालेला आकडा दोन्ही जाहीर केले, कारण सांगितलं, आणि १२ तारखेला पुरवणी प्रज्वलन करून दूरचं टोक ७८,२७६ वरून १,१८,६४२ किलोमीटरवर नेलं. मोहिमेचा जीव त्या १३० आणि ३५ मधल्या फरकात आहे. तुमच्या मुनमोहिमेतही असा एक फरक नक्की असणार. तो शोधा.

आणि २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. चंद्रयान-३ उतरताना पडद्यावर काय होतं? एक आलेख, उंची आणि वेगाचे बदलते आकडे, एक ॲनिमेशन. उतरतानाचा खरा फोटो त्या क्षणी कुणाकडेच नव्हता. तरी घराघरांत लोक श्वास रोखून बसले होते, कारण वेग शून्याकडे गेला पाहिजे हे त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की सगळे फोटो आकडे लपवून काढू नका. एफ२ दाबलं की पडद्यावरची सगळी उपकरणं जातात आणि एफ१ ने स्वच्छ फोटो मिळतो, हे खरं. पण त्याच क्षणी एक फोटो उपकरणांसकट काढा. उंची, वेग, उरलेलं इंधन दिसू दे. देखणा फोटो शेवटी, उतरल्यावरचा, एकच पुरे. निर्णय घेतला त्या वेळचा नकाशाही ठेवा. नंतर गोष्ट लिहिताना आपलीच आठवण आकडे बदलते, हा माझा अनुभव आहे. एफ९ दाबून आधी साठवलेल्या क्षणावर मागे गेला असाल तर तेही लिहा. ‘तिसऱ्या प्रयत्नात उतरलो, पहिल्या दोनदा उतारावर कलंडलो’ हे वाचणाऱ्याला जास्त जवळचं वाटतं, आणि नवख्याला त्यातून सपाट जागा शोधायचं सुचतं.

पुढे डॉकिंग, म्हणजे कक्षेत दोन यानांची जोडणी, कराल तेव्हा एक क्षण हमखास येईल: समोरच्या यानाकडे तोंड करून इंजिन चालवाल आणि अंतर कमी होण्याऐवजी वाढेल. तो क्षण टिपून ठेवा. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ मधून जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न करत होते, तेव्हा अगदी हेच झालं होतं.

ऑर्बिटर चालवत असाल तर आणखी एक सोय आहे. मार्टिन श्वायगर यांनी २००० साली आणलेल्या या मोफत सिम्युलेटरमध्ये मोहिमेची स्थिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठते. ती फाइल गोष्टीसोबत दिली की वाचणारा तुम्ही अडकलात तिथूनच उडायला लागतो. भाचा आणि मी हल्ली असंच करतो. मी अडकवून पाठवतो, तो सोडवून परत पाठवतो, कधी उलट.

तुमच्या चाळीस फोटोंपैकी जमिनीपासून शेवटच्या शंभर मीटरमधला एखादा असेल तर तो इथे टाका, आणि टेकलात तेव्हा टाकीत किती इंधन उरलं होतं ते लिहा. परत येण्याइतकं होतं का?