भीती वाटते म्हणजे श्रद्धा कमी आहे, असं अजिबात नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या गाठीचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा आहे, रात्री झोप लागत नाही, नाव घेत बसलं तरी छातीतली धडधड थांबत नाही. आणि मग विचारलंय, ‘माझी श्रद्धाच कमी पडतेय का? देवावर भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून स्पष्ट ‘नाही’ असं आहे. आपल्याकडे कोण कधी हे मनात भरवून देतं कळत नाही, पण खऱ्या भक्ताला भीती शिवत नाही असं आपण धरून चालतो. मग भीती वाटली की दुप्पट त्रास. एक भीतीचा, दुसरा अपराधीपणाचा. गीतेचा पहिला अध्याय एकदा या नजरेनं वाचा. अर्जुन स्वतः सांगतो की अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, कातडीची आग होतेय, हातातून गांडीव सुटतंय, उभंही राहवत नाही. तुम्ही रात्री जे सोसताय तेच हे. त्याच्या बाबतीत तर देव शेजारी, रथावर बसलेला होता! देव जवळ असूनही हात कापू शकतात. कृष्ण आधी त्याला रागे भरला हे खरं, पण रथ सोडून उतरला नाही. आणि ‘मी तुला शरण आलोय, मला सांग’ हे अर्जुन दुसऱ्या अध्यायात म्हणतो ते मन शांत झाल्यावर नाही, गोंधळलेल्या अवस्थेतच म्हणतो.

म्हणून आधी शांत व्हायचं आणि मग देवाकडे जायचं, असा क्रम लावू नका. तशीच जा, धडधडत्या छातीनं.

माझं गाव पारोळा तालुक्यात. वडिलांना छातीत कळ आली तेव्हा रात्रीच गाडीत घालून आम्ही धुळ्याला निघालो. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लहानपणापासून पाठ असलेला हरिपाठ, पण त्या रस्त्यावर एक ओळ सलग आठवेना. तोंडातून नुसतं ‘विठ्ठल विठ्ठल’ येत होतं, तेही अर्धवट. निघताना आजी एवढंच म्हणाली होती, ‘देवले सांग, तो आयकस.’ काय मागायचं, कसं मागायचं, हे तिनं सांगितलं नाही. सांग म्हणाली. मला वाटतं शरण जाणं म्हणजे पुष्कळसं हेच. जे वाटतंय ते त्याला सांगणं, त्याच्यापासून न लपवणं, रागसुद्धा.

वडील वाचले. पण ही गोष्ट इथेच थांबवली तर तुमची फसवणूक होईल. पुढच्याच वर्षी काका तशाच दुखण्यानं गेले. तोच रस्ता, तेच नाव, तीच घरातली माणसं. नाव घेतलं की हवा तसाच रिपोर्ट येतो, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. असं सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहा. काकूनं देव्हाऱ्यासमोर उभं राहून देवाला मोठ्यानं जाब विचारला होता. घरातल्या काहींना ते आवडलं नाही. मला मात्र तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की ती त्याच्याशीच बोलत होती, पाठ फिरवून गेली नव्हती. त्या दिवसांत तिला दुसरीकडे कुठे रडता येत नव्हतं, तिथे येत होतं.

आपल्या खान्देशात तापीकाठी मेहूण नावाचं गाव आहे. परंपरा सांगते की वीज कडाडली आणि मुक्ताबाई तिथे गुप्त झाली. ते साल 1297 धरतात. चार भावंडं, लहानपणीच आईबाप गेलेले, गावानं वाळीत टाकलेली, त्यातली ही धाकटी. मला याचं नेहमी नवल वाटतं की जिथे आभाळ फाटल्यासारखी वीज झाली, तिथेच लोक ‘आई मुक्ताई’ म्हणत निर्धास्त होऊन बसतात, आणि आषाढीसाठी तिची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला चालत जाते. त्या माणसांच्या घरी आजारपण नसतं, कर्ज नसतं, असं थोडंच आहे? चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्यांशी बोलून बघा. कुणाच्या पोराचं ऑपरेशन असतं, कुणाचा कापूस गेलेला असतो. घरची काळजी घेऊनच चालतात, आणि ती शेजारी चालणाऱ्याला सांगत चालतात.

हे मुद्दाम लिहिलं, कारण तुमच्या प्रश्नात तुम्ही फार एकट्या दिसलात. देवावर भार टाकायचा म्हणजे माणसांपासून तो लपवायचा असं नाही. रिपोर्ट आणायला एकट्या जाऊ नका, भावाला किंवा नणंदेला बरोबर न्या. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आजच कागदावर लिहून ठेवा, ऐनवेळी काही सुचत नाही. मिस्टरांशीही बोला. तेही बहुतेक जागेच असतात, तुम्हाला त्रास नको म्हणून डोळे मिटून पडलेले.

रात्रीचं म्हणाल तर नाव सावकाश घ्या, श्वास सोडताना लांबवून घ्या. इटलीतल्या डॉक्टरांनी 2001 साली अभ्यास करून दाखवलं की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना असो की ‘ओम मणि पद्मे हुम्’, संथपणे म्हटलं की श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. नाव त्यासाठी घ्यायचं नसतं, पण देवानं हे शरीरही त्याच्या नावाला साथ देईल असं घडवलंय, याचा मला आनंद वाटतो. माळेची संख्या मोजत बसू नका. मध्येच रडू आलं तर येऊ द्या, तोही जपच समजा. आणि इतकं करूनही झोप येईना, जेवण जाईना, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे फोन केल्यानं तुमच्या श्रद्धेला काहीही बाध येत नाही.

रिपोर्ट आला की जमलं तर इथेच दोन ओळी लिहा, कसाही आला तरी. आमच्या गावच्या मंदिरात रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. तुमचं नाव मला माहीत नाही, पण आजपासून तिथे तुमच्या घरासाठी मागणं मागणार आहे.