व्ह्यूज हजारांत, ऑर्डरी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या

"मॅडम, रील चाललं, पण धंदा हलला नाही. माझंच काही चुकतंय का?" घरून व्यवसाय करणाऱ्या बायका हा प्रश्न मला सतत विचारतात. सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा अनुभव त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

ताई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देतात. सासूबाई टाके घालतानाचं त्यांचं एक रील इन्स्टाग्रामवर खूप पसरलं. पुढच्या पोस्ट तेवढ्या चालेनात, तेव्हा रात्री उठून आकडे बघणं सुरू झालं. लाइक कमी पडले की दुसऱ्या दिवशी शिवायलाही बसवेना.

मी त्यांना फोनसोबत ऑर्डरची वही आणायला सांगितली. आधी वही उघडली. ज्यांनी पैसे दिले, त्या प्रत्येकीला ताईंनी विचारायचं होतं, "काय बघून फोन केलात?" बहुतेकींनी एका अगदी साध्या पोस्टचं नाव घेतलं. सिंगल, डबल आणि बाळाची गोधडी, प्रत्येकीला किती साड्या लागतात, शिलाई किती, किती दिवसांत मिळेल, एवढंच त्यात होतं. लाइक मोजकेच, म्हणून ताई ती पोस्ट काढून टाकणार होत्या!

मग इनसाइट्स, म्हणजे कोणती पोस्ट किती चालली याचे ॲपमधले आकडे, पाहिले. गाजलेलं रील बघणारे बहुतेक लोक फॉलोअर नव्हते आणि त्यातले फार थोडे प्रोफाइलवर आले होते. साध्या पोस्टचा रीच, म्हणजे ती किती जणांपर्यंत पोचली तो आकडा, कमी, पण त्या मानाने सेव्ह आणि प्रोफाइल व्हिजिट भरपूर. आईच्या साड्या कपाटात जपून ठेवलेली बाई अशी पोस्ट सेव्ह करते, बहिणीशी बोलते आणि कधीकधी महिन्याभराने फोन करते. म्हणून आठवड्याच्या आकड्यांवरून पोस्टला नापास करू नये, असं माझं ठाम मत आहे.

इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की पोस्ट किती लोकांपर्यंत न्यायची हे ठरवताना वॉच टाइम (लोक किती वेळ बघतात), लाइक आणि सेंड (किती जण दुसऱ्याला पाठवतात) यांना सर्वाधिक महत्त्व असतं. तुमची विक्री त्यात कुठेच नाही. लोक ॲपवर रमावेत ही त्यांची गरज. गोधडी विकली जावी ही आपली. पोस्ट चालली नाही म्हणून तुमचं काम हलकं ठरत नाही, हे ताईंना मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते पटायला वेळ लागला.

पुढची सोय सोपी होती. बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या जागेत, पाच लिंक देता येतात. बाळाच्या गोधडीसाठी एक, मोठीसाठी दुसरी, अशा व्हॉट्सॲपच्या लिंक केल्या आणि प्रत्येकीत वेगळा मेसेज आधीच लिहून ठेवला. चौकशी आली की ती कशासाठी आहे, हे पहिल्याच ओळीत कळतं. आता वहीत "काय बघून आल्या" असा रकाना आहे. इनसाइट्स फक्त सोमवारी दुपारी उघडायचे, तेही त्या रकान्याशी ताडून बघायला.

सासूबाईंची रील्स बंद करायची का, असं ताईंनी विचारलं. मी नको म्हटलं. नवीन माणसं त्यातूनच येतात. फक्त रीलच्या शेवटी मापं आणि दर कुठे मिळतील ते सांगायचं, आणि ती साधी पोस्ट प्रोफाइलच्या वर पिन करून ठेवायची.