कॉबच्या सपाट पाठीवर खोगीर का फिरतं, आणि कसलं शोधायचं

ताई, तुमची घोडी आयरिश कॉब, म्हणजे ठेंगण्या, भरदार बांध्याची, १४ हँड (सुमारे १४२ सेंमी) उंच, पाठ चौरंगासारखी सपाट. तीन खोगिरं झाली, तिन्हींवर 'एक्स्ट्रा वाइड' लिहिलेलं, तरी रिकिबीत पाय ठेवला की डावीकडे कलंडतात. दुकानदार म्हणतो खाली जेल पॅड घाला आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आणखी आवळा. कृपा करून यातलं काहीच करू नका. मी नेमकं हेच केलं होतं आणि त्याची किंमत माझ्या घोड्याने मोजली.

तुम्ही पुण्यात रायडिंग शिकलात. आपल्याकडच्या क्लबांत बरेचसे घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड. मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मधोमध जो हाडाचा उंचवटा असतो, इंग्रजीत ज्याला विदर्स म्हणतात, तो त्यांचा चांगला वर आलेला असतो आणि तिथून पाठ कौलारू छपरासारखी दोन्हीकडे उतरते. खोगिराला धरायला जागा मिळते. कॉबमध्ये तो उंचवटा मांसात जवळजवळ बुडालेला आणि बरगड्या पिंपासारख्या गोल. थरोब्रेडवर तयार झालेली नजर कॉबवर फसतेच.

'एक्स्ट्रा वाइड' म्हटलं की फक्त रुंदी कळते, आणि तीही प्रत्येक कंपनीची वेगळी. आकार त्यातून कळत नाही, आणि तुमचं घोडं अडलंय ते आकारापाशी. खोगिराच्या आत जो सांगाडा असतो, म्हणजे ट्री, त्याचं पुढचं तोंड बहुधा उलट्या 'व्ही'सारखं असतं. त्याचे पाय कितीही फाकवले तरी वरचा भाग निमुळताच राहतो. कॉबवर ते तोंड खाली उतरत नाही, दोन टोकांवर चिमट्यासारखं अडून बसतं. असं अधांतरी राहिलेलं खोगीर फिरणारच. तुम्हाला हवी हूप ट्री, उलट्या 'यू'सारखी, वरूनच रुंद. शिवाय लांबीच्या दिशेनेही ट्री सपाट हवी. खोलगट पाठीसाठी बनवलेली वक्र ट्री सपाट पाठीवर पाळण्यासारखी पुढेमागे डुलते आणि सगळा भार मधल्या थोड्याशा जागेवर पडतो.

माझं पहिलं खोगीर असंच वक्र होतं. चामडं सुरेख, किंमत परवडणारी, आणि विकणाऱ्याने 'कॉबला बसेल' असं ठामपणे सांगितलेलं. ते सरकायचं म्हणून मी तंग आवळत गेले, मग जाड पॅड घातलं, त्याने ते आणखी वर उचललं गेलं, मग आणखी आवळलं. घोडा तंग कसताना कान मागे टाकायचा, मान वळवून पोटाकडे बघायचा. मला वाटायचं, स्वभाव आहे. वसंतात हिवाळ्याची लोकर झडली तेव्हा मणक्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके दिसले. दाबाने केसांची मुळं दुखावली की तिथे केस पांढरे उगवतात. नवं खोगीर आल्यावर तो तंग कसताना गवत चघळत उभा राहायला लागला. ठिपके मात्र अजून आहेत, आणि खरारा करताना हात तिथे गेला की मला अजून वाईट वाटतं.

आता तुमच्या तिन्ही खोगिरांची घरच्या घरी परीक्षा घ्या. घोडी सपाट जमिनीवर चारी पाय समान टेकवून उभी असू दे. पॅड न घालता खोगीर जरा पुढे ठेवा आणि मागे सरकवत न्या, ते आपोआप थांबेल तिथे थांबू द्या. ट्रीचं टोक खांद्याच्या फऱ्याच्या दोन-तीन बोटं मागे यायला हवं, कारण पाऊल टाकताना फरा मागे सरकतो. मग तळहात वर करून पुढच्या पॅनेलखाली, म्हणजे खोगिराच्या खालच्या गादीखाली, घाला आणि वरून खाली फिरवा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. वरती पोकळ आणि खाली बोटं चेपत असतील तर तो व्ही ट्रीचा दोष. नंतर एक हात पुढे, एक मागे ठेवून आळीपाळीने दाबा. दुसरं टोक उचललं गेलं की ते खोगीर बाद. मागून वाकून बघा: दोन पॅनेलमधली फट शेवटपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी, मणक्याला काहीही टेकता कामा नये. शेवटची बरगडी हाताने चाचपत वर मणक्यापर्यंत जा. खोगीर त्या रेषेच्या मागे जाता कामा नये. कॉबची पाठ आखूड असते, त्यामुळे मोठी सीट घेताना इथेच गोची होते.

तंगाबद्दल थोडं. बऱ्याच कॉबांची तंगाची खाच पुढच्या पायांच्या अगदी जवळ असते. तंग तिकडे ओढला जातो आणि खोगिराला खांद्यावर नेतो. कोपराशी कापलेला, वळणदार तंग यावर चांगला उपाय. बिलेटचे, म्हणजे तंग ज्यांना अडकवतात ते, पट्टे कुठून निघतात तेही बघा: एक ट्रीच्या टोकावरून आणि एक मागच्या भागातून, असे असले की खोगीर स्थिर राहतं. दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, मी शेवटी सुचवेन, चुकीचं खोगीर ती फक्त जागेवर बांधून ठेवते.

थरोगुड आणि केंट अँड मास्टर्स या इंग्लंडमधल्या वॉल्सॉलच्या खोगिरांच्या दोन्ही नावांत खास कॉबसाठीची सपाट मॉडेल्स आहेत आणि ट्रीची रुंदी ठरवणारी पुढची पट्टी बदलता येते. थरोगुडचं सिंथेटिक सेकंडहँडही मिळतं. पण सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स या ब्रिटनमधल्या खोगीर कारागिरांच्या संस्थेचा पात्रताधारक फिटर तबेल्यावर बोलवा, आणि घोडी डावीकडे-उजवीकडे दोन्ही दिशांना चालवून, ट्रॉट (दुडकी) आणि कँटर (हलकी दौड) करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. लोकरीचं पॅनेल असेल तर भरण कमी-जास्त करून तो बारीक फरक काढतो. खोगीरभरती हा शब्द आपण हिणवून वापरतो, पण ती नीट करणं हे मोठं कसब आहे.

एक काळजीचं. तुम्ही लिहिलंय की घोडी सध्या 'छान गुटगुटीत' आहे. मानेवर आयाळीखाली कडक वळी लागते का, बरगड्या हाताला लागतात का, हे आजच बघा. कॉब गवतावर झपाट्याने चरबी धरतात आणि त्यातून लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतल्या थरांचा वेदनादायक दाह, होऊ शकतो. वजन उतरवायचं असेल तर पट्टी बदलता येणारंच खोगीर घ्या, पाठ काही महिन्यांत बदलेल.

आणि चढताना कायम ठोकळा वापरा, उजव्या रिकिबीवर कोणाला तरी भार द्यायला सांगा. योग्य खोगीर, ठोकळा, सगळं असूनही ते सतत एकाच बाजूला जात राहिलं तर व्हेटला बोलवा. मागच्या पायातलं बारीक लंगडणं कधी कधी असंच दिसतं. फिटरची तारीख मिळेपर्यंत तिच्यावर बसू नका, हातात दोर धरून रोज चालवून आणा. वजनालाही ते बरं.