सीसी म्हणजे नेमके कशाचे माप?

प्रश्न : मी जुनी मारुती 800 घेतली आहे. आर.सी.वर मात्र 796 सीसी असे लिहिलेले आहे. इंजिनाचे बोअरिंग करण्यासाठी ते बेळगावला उद्यमबागेत न्यायचे आहे, त्यामुळे सीसी वाढते असे ऐकतो. सीसी म्हणजे इंजिनात मावणारे पेट्रोल का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नाही, सीसीचा संबंध पेट्रोलच्या मापाशी नाही आणि इंजिनाच्या बाहेरच्या आकाराशीही नाही. पिस्टन, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्यात खाली-वर सरकणारा दट्ट्या, अगदी खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तेवढी जागा घनसेंटिमीटरमध्ये मोजून ती सिलिंडरच्या संख्येने गुणली की सीसी मिळते. पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी, ठिणगी पडते ती पोकळी यात धरत नाहीत. म्हणूनच हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, घासून सपाट केले, तर दाब वाढतो, सीसी तसेच राहते.

आपल्याच गाडीचा हिशेब करून पाहू. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, 68.5 मिलिमीटर आहे आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, 72 मिलिमीटर. व्यासाचा वर्ग, त्याला 0.7854 ने (म्हणजे पायच्या चौथ्या भागाने) आणि मग धावेने गुणावे. सेंटिमीटरमध्ये हे उत्तर सुमारे 265 येते. दूधवाल्याच्या पाव लिटरच्या मापापेक्षा थोडेसेच जास्त! अशा तीन सिलिंडरांचे मिळून 796 होते. 800 हे बोलायला सोपे केलेले नाव आहे, आर.सी.वरचा आकडा खरा. प्रत्येक वेळी आत येते ती मुख्यतः हवा, पेट्रोल जेमतेम थेंबभर असते.

बोअरिंगबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. झिजलेला सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा करून त्यात मोठा पिस्टन बसवला, तर व्यास 69 होतो आणि सीसी सुमारे 808 भरते. व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे एवढ्याशा फरकानेही बारा सीसी वाढतात, पण गाडी ओढण्यात त्याने जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. नवे पिस्टन आणि रिंगा नीट बसल्याने परत येणारा दाब हाच खरा लाभ. त्यासाठी तिन्ही सिलिंडर एकाच मापाचे करून घ्यावेत आणि प्रत्येकाचा व्यास वर, मध्ये व खाली गेजने मोजून दाखवायला सांगावे. तृतीय पक्ष विम्याचा पहिला टप्पा 1000 सीसीपर्यंतचा असल्याने 808 झाले तरी गाडी त्याच टप्प्यात राहते.