एजंट 30 इश्यूंवरच का थांबतो?

प्रश्न : आमच्या टीमचं काम गिटहबवर (कोड ठेवण्याच्या आणि त्यावर एकत्र काम करण्याच्या वेबसाइटवर) चालतं. एआय एजंटला उघड्या इश्यूंची (नोंदवलेल्या, पण अजून न मिटलेल्या अडचणी-कामांची) यादी मागितली की तो 30च नोंदी देतो, त्यातही काही इश्यू नसतातच. असं का?
– एक वाचक, मिहान, नागपूर

उत्तर : काही सांगितलं नाही तर गिटहबचा एपीआय (प्रोग्रामला माहिती देणारा मार्ग) एका पानावर 30 नोंदीच देतो. 'पर पेज' (per_page, म्हणजे एका पानावरच्या नोंदींची संख्या) 100 करा. त्याहून जास्त मिळत नाहीत. मग उत्तराच्या 'लिंक' हेडरमध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत) 'नेक्स्ट' दिसतंय तोवर पुढची पानं आणायची. हे काम एजंटच्या मर्जीवर सोडूच नका, छोट्या स्क्रिप्टमध्ये बांधून टाका. नाहीतर तो अर्धी यादी पूर्ण म्हणून सांगेल.

त्या परक्या नोंदी म्हणजे पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल सामील करून घेण्याच्या विनंत्या. गिटहब त्यांनाही इश्यूच धरतं. 'पुल रिक्वेस्ट' (pull_request) हे फील्ड असलेल्या नोंदी गाळा. गाळल्यावर पानावर 100पेक्षा कमी उरतील, म्हणून यादी संपली असं समजू नका.

टोकन (एजंटला गिटहबमध्ये प्रवेश देणारी किल्ली) मात्र त्या एकाच रिपॉझिटरीपुरतं (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यापुरतं) आणि इश्यू फक्त वाचण्यापुरतं काढा. इथे हयगय नको. सार्वजनिक प्रकल्पात कुणीही अनोळखी माणूस इश्यू लिहू शकतो, आणि मजकुरात दडवलेली सूचना एजंट हुकूम समजून पाळू शकतो. एजंटला क्रमांक, शीर्षक, लेबल आणि तारीख एवढंच द्या. पूर्ण मजकूर लागेल त्याच इश्यूचा.